मधुमेह दोघांना, विसराळूपण कोणाचे दिसते?

टेक्सासमधल्या एखाद्या घरातले सत्तरीचे जोडपे डोळ्यांसमोर आणा. दोघेही तरुणपणी मेक्सिकोतून आलेले. मुले-नातवंडे जवळपासच राहतात. दोघांनाही पंधरा-वीस वर्षांपासून मधुमेह आहे. त्याच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत तीच भरते, त्याचे इन्सुलिन तीच मोजते, डॉक्टरांकडे जायची तारीखही तिच्याच लक्षात असते. त्यामुळे तो एकच प्रश्न तीनदा विचारू लागला, की घरात लगेच लक्षात येते आणि पुढच्या भेटीत ती स्वतःच ते डॉक्टरांच्या कानावर घालते. पण गोळ्या चुकायला तिच्याच हातून सुरुवात झाली, तर? तिच्या डबीकडे पाहणारे घरात कोणी नसते. बोलण्यात ती चटपटीत असते, माणसांची नावे तिला पाठ असतात. दवाखान्यात तिची साखर मोजली जाते, रक्तदाब घेतला जातो आणि ‘छान आहे’ असे म्हणून तिला घरी पाठवले जाते.

मधुमेहाने डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पाय बिघडतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मेंदूही त्याच यादीत आहे, हे मात्र अजून तितकेसे रुजलेले नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासाने १९९९ मध्येच दाखवून दिले होते, की मधुमेह असलेल्या वृद्धांना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट असतो. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतून तोच सूर निघाला. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली, त्यांतही मधुमेह आहे. पण ‘दुप्पट’ हा आकडा सरासरीचा आहे. ती सरासरी बायका आणि पुरुष दोघांना सारखीच लागू पडते का, हा प्रश्न बराच काळ बाजूला राहिला. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक वृद्धांच्या बाबतीत तो आणखी बाजूला ठेवणे परवडणारे नाही.

हिस्पॅनिक किंवा लॅटिनो हा वंश नव्हे. मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, मध्य आणि दक्षिण अमेरिका अशा ठिकाणी मुळे असलेल्या लोकांसाठी अमेरिकी सरकारने वापरलेले ते एक नाव आहे. २०२० च्या जनगणनेत अशा लोकांची संख्या ६ कोटी २० लाखांच्या पुढे गेली. अमेरिकेतल्या प्रौढाला आयुष्यात केव्हातरी टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता सरासरी ४० टक्के मानली जाते. हिस्पॅनिक प्रौढांत ती ५० टक्क्यांहून अधिक आहे. गोऱ्या वृद्धांच्या तुलनेत या समाजात स्मृतिभ्रंशही सुमारे दीडपट आढळतो. यात आणखी एक गोष्ट मिळते. गरिबी आणि विम्याची वानवा असूनही या समाजाचे आयुर्मान गोऱ्या अमेरिकनांपेक्षा जास्त राहिले आहे. संशोधकांनी याला ‘हिस्पॅनिक विरोधाभास’ असे नाव दिले. दीर्घायुष्य ही आनंदाचीच गोष्ट, पण त्याचा एक अर्थ असाही होतो, की माणसे मधुमेहासोबत जास्त वर्षे काढतात. बायका पुरुषांपेक्षा अधिक जगत असल्याने त्यांच्या वाट्याला ही वर्षे आणखी जास्त येतात.

या समाजाच्या उतारवयाचा अभ्यास झालेला नाही, असे मुळीच नाही. १९९३-९४ मध्ये टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या पाच राज्यांतल्या ३,०५० मेक्सिकन-अमेरिकन वृद्धांची पाहणी सुरू झाली. ती पुढे अनेक वर्षे चालली. १९९८ पासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो परिसरात साठी ओलांडलेल्या १,७८९ जणांचा ‘साल्सा’ या लघुनावाने ओळखला जाणारा अभ्यास झाला. मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा किंवा त्याच्या अलीकडच्या पायरीवरच्या बौद्धिक घसरणीचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे त्यातून दिसले. ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो या चार ठिकाणच्या १६,४१५ हिस्पॅनिक प्रौढांची मोठी पाहणी २००८ ते २०११ मध्ये झाली. पुढे त्यांतल्या पन्नाशीपलीकडच्या हजारो जणांच्या स्मरणशक्तीच्या आणि विचारशक्तीच्या चाचण्याही घेण्यात आल्या. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ येथील अभ्यासाने तर महत्त्वाचा धागा हाती दिला. मेक्सिकन-अमेरिकनांत बौद्धिक घसरण तुलनेने कमी वयात दिसते. अल्झायमरशी जोडला गेलेला ‘एपीओई ४’ हा जनुकप्रकार त्यांच्यात गोऱ्यांपेक्षा कमी आढळतो. मधुमेहासारख्या शरीराच्या आजारांचे ओझे मात्र जास्त असते.

म्हणजे या समाजात मेंदूच्या प्रश्नाची एक मोठी वाट मधुमेहातून जाते. ही वाट बायकांसाठी आणि पुरुषांसाठी सारखीच आहे का?

याचे उत्तर शोधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न २०१६ मध्ये झाला. तो केवळ हिस्पॅनिकांपुरता नव्हता. जगभरातले १४ अभ्यास, २३ लाख माणसे आणि स्मृतिभ्रंशाचे एक लाखाहून अधिक रुग्ण यांचा त्यात एकत्रित हिशेब मांडला गेला. सर्व प्रकारचे स्मृतिभ्रंश एकत्र धरले, तर मधुमेहामुळे वाढणारा धोका बायका आणि पुरुष दोघांतही सुमारे ६० टक्के निघाला. इथेच थांबले असते, तर ‘फरक नाही’ असे म्हणून फाइल बंद झाली असती. पण प्रकार वेगळे केल्यावर चित्र बदलले. रक्तवाहिन्या खराब झाल्याने होणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत मधुमेहाने वाढणारा धोका बायकांत पुरुषांपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी अधिक होता. इतर प्रकारांत दोघांत जवळपास फरक नव्हता. ही तुलना मधुमेही बाई आणि मधुमेही पुरुष यांची नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. मधुमेह नसलेल्या बाईच्या तुलनेत मधुमेही बाईचा धोका किती वाढला आणि मधुमेह नसलेल्या पुरुषाच्या तुलनेत मधुमेही पुरुषाचा किती वाढला, अशी ती आहे. सोप्या भाषेत, बाईला निसर्गाने दिलेले रक्तवाहिन्यांचे संरक्षण मधुमेह जास्त प्रमाणात हिरावून घेतो. हृदयविकाराच्या बाबतीतही हेच दिसून आलेले आहे.

असे का होते, याचे स्पष्टीकरण अनेक पदरी आहे. पुरुषांना मधुमेह तुलनेने कमी वजनावर होतो. बाईचे शरीर बराच काळ दम धरते. निदान होईपर्यंत तिचे वजन अधिक वाढलेले असते, आणि रक्तदाब व कोलेस्टेरॉलही अनेकदा बिघडलेले असते. रक्तवाहिन्यांचे नुकसान अशा रीतीने साखरेच्या निदानाआधीच सुरू होते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, पोटाभोवतीची चरबी वाढते आणि शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही. गरोदरपणात झालेला मधुमेह बाळंतपणानंतर ओसरतो, पण पुढे टाइप २ मधुमेहाची शक्यता वाढवून जातो. तो होऊन गेल्याची आठवण वीस वर्षांनी ना बाईला असते, ना तिच्या कागदपत्रांत असते.

इथे एक मोह होतो. फरक दिसला की सगळा दोष हार्मोनच्या माथी मारायचा आणि हार्मोनची गोळी हाच उपाय समजायचा. हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. ६५ वर्षांवरील चार हजारांहून अधिक बायकांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची जोडगोळी किंवा नुसती दिसायला तशीच गोळी देऊन त्यांच्या स्मरणशक्तीवर नजर ठेवली गेली. २००३ मध्ये निकाल आला, तेव्हा जोडगोळी घेणाऱ्या बायकांत स्मृतिभ्रंश कमी नव्हे, तर सुमारे दुपटीने जास्त आढळला. रजोनिवृत्तीच्या सुमारास त्रासापोटी, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या उपचारांना हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. पण पासष्टीनंतर मेंदूच्या रक्षणासाठी हार्मोन घ्यावे, हा समज त्याने निकालात काढला. बायका आणि पुरुषांतला फरक खरा असला, तरी त्याचे कारण एका रसायनात सापडत नाही.

ते बरेचसे जगण्यात सापडते. दुखणे अंगावर काढण्याची सवय मेक्सिकन आजीलाही असते. नवऱ्याची, नातवंडांची, कधी म्हाताऱ्या आईची सेवा तिच्याकडे असते आणि स्वतःची तपासणी पुढच्या महिन्यावर जाते. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ करारांखाली मेक्सिकोतून लाखो पुरुष अमेरिकेच्या शेतांत राबायला आले. त्या पिढीतल्या कित्येकांच्या वाट्याला शाळेची मोजकीच वर्षे आली, आणि बायकांच्या वाट्याला त्याहून कमी. शिक्षणाची वर्षे मेंदूची शिल्लक वाढवतात, आणि शिल्लक कमी असलेल्याला तोटा लवकर जाणवतो. वर उल्लेख केलेल्या चार शहरांच्या पाहणीत मधुमेह असलेल्यांपैकी केवळ ५९ टक्क्यांच्या आसपास लोकांना आपल्याला मधुमेह असल्याचे ठाऊक होते आणि आरोग्यविमा जेमतेम निम्म्यांकडे होता. शिवाय हिस्पॅनिक म्हणजे एकजिनसी समाज नाही. त्याच पाहणीत मधुमेहाचे प्रमाण दक्षिण अमेरिकी मुळाच्या लोकांत सुमारे १० टक्के, तर मेक्सिकन मुळाच्या लोकांत १८ टक्क्यांच्या पुढे होते. मग ‘हिस्पॅनिक बाई’ अशी एकच बाई गृहीत धरून काढलेला निष्कर्ष क्युबन आजीला आणि मेक्सिकन आजीला सारखाच कसा लागू पडेल?

दुसरा मोह आकड्यांचा आहे. ‘मधुमेहाचा मेंदूवर परिणाम बायकांत आढळला, पुरुषांत आढळला नाही’ असे मथळे वाचायला मिळतात. अशा पाहण्यांत बायका जास्त संख्येने सहभागी होतात. चार शहरांच्या पाहणीतही सुमारे ६० टक्के बायकाच होत्या. माणसे कमी असली की खरा परिणामही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. त्यामुळे पुरुषांत ‘आढळला नाही’ याचा अर्थ पुरुषांत ‘नाही’ असा होत नाही. दोघांतला फरक सांगायचा असेल, तर दोघांची थेट तुलना करणारी कसोटी लावावी लागते. दुसरी गोष्ट जगण्या-मरण्याची आहे. मधुमेह, धूम्रपान आणि रक्तदाब यांनी बरेच पुरुष साठी-पासष्टीच्या आतच दगावतात. वृद्धांच्या अभ्यासात येतात ते यातून वाचलेले, मुळातच काटक पुरुष. त्यांच्याकडे पाहून ‘पुरुषांच्या मेंदूला मधुमेह फारसा बाधत नाही’ असे म्हणणे ही फसगत ठरेल.

तिसरी अडचण खुद्द चाचणीत आहे, आणि व्यवहारात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. विसराळूपणाची तपासणी करताना बहुतेक ठिकाणी शब्दांची यादी सांगतात आणि थोड्या वेळाने ती आठवायला लावतात. शब्द लक्षात ठेवण्यात बायका सरासरीने पुरुषांपेक्षा सरस असतात, आणि ही आघाडी उतारवयातही टिकते. त्यामुळे मेंदूत बिघाड सुरू झाला तरी त्यांचे गुण बराच काळ ‘सामान्य’ रेषेच्या वर राहतात आणि निदान उशिरा होते. त्यात मधुमेह आधी ज्यावर घाला घालतो ते अनेकदा स्मरण नसतेच. विचारांचा वेग मंदावतो. कामांचा क्रम लावणे, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणे, चूक झाली तर लगेच सावरणे अवघड होते. साखर पाहून इन्सुलिनचे किती युनिट घ्यायचे, जेवण चुकले तर काय करायचे, हे ठरवायला नेमकी हीच शक्ती लागते. पाच शब्द बिनचूक सांगणारी बाई इन्सुलिन दोनदा टोचून घेऊ शकते. तिची चाचणी उत्तम आलेली असते, म्हणून तिच्याबद्दल कोणी काळजी करत नाही. त्यात चाचणी इंग्रजीत घेतली आणि विचार स्पॅनिशमध्ये चालत असतील, तर निकालाचा अर्थ आणखी धूसर होतो.

साखर अचानक खूप खाली जाणे ही किरकोळ गोष्ट नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या १६ हजारांहून अधिक वृद्ध मधुमेहींच्या नोंदींवरून २००९ मध्ये दिसून आले, की साखर खूप घसरल्याने रुग्णालयात जावे लागलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक होते. हे दुहेरी चक्र आहे. मेंदू मंदावला की औषधांत चुका होतात, चुकांनी साखर घसरते आणि घसरलेली साखर मेंदूला आणखी इजा करते. दुसरीकडे, साखर अतिशय काटेकोर ठेवली म्हणजे मेंदू वाचेल, ही आशाही फोल ठरली आहे. अमेरिकेत झालेल्या मोठ्या ‘अकॉर्ड’ चाचणीत कडक नियंत्रण ठेवलेल्या रुग्णांची बौद्धिक क्षमता ४० महिन्यांनंतर इतरांपेक्षा सरस निघाली नाही. म्हणूनच अमेरिकन डायबिटीज असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वे ठणठणीत वृद्धासाठी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे, म्हणजे एचबीए१सीचे, लक्ष्य ७ ते ७.५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. पण बौद्धिक घसरण किंवा अनेक आजार असलेल्यांसाठी ८ टक्क्यांपर्यंत मोकळीक देतात. पासष्टीनंतर दर वर्षी स्मरणशक्तीची आणि विचारशक्तीची तपासणी करावी, असेही त्यांत नमूद आहे. ही तपासणी झाल्याशिवाय कोणाला कडक लक्ष्य द्यायचे आणि कोणाला सैल, हे डॉक्टर ठरवणार तरी कशावरून?

या सगळ्याचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. मधुमेह आणि मेंदू यांच्याविषयीचे प्रत्येक निष्कर्ष बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगवेगळे मांडले गेले पाहिजेत, आणि दवाखान्यातले प्रश्नही. अमेरिकेत सरकारी पैशांवर होणाऱ्या वैद्यकीय संशोधनात बायकांना आणि अल्पसंख्य समाजांना सामील करून घेणे १९९३ च्या कायद्याने बंधनकारक केले. पण बायकांना फक्त मोजणीत घेऊन भागत नाही. ‘वय आणि लिंग यांचा प्रभाव वजा करून’ असे एक वाक्य शोधनिबंधात घातले जाते. बहुतेक वेळा त्याचा परिणाम असा होतो, की जो फरक शोधायला हवा होता, तोच हिशेबातून पुसला जातो. हिस्पॅनिक बायका आणि पुरुष यांचे निकाल स्वतंत्र रकान्यांत, आणि शक्य तिथे मूळ देशानुसार दिले, तरच ते त्या आजीच्या डॉक्टरांच्या उपयोगी पडतील.

दवाखान्यात करायच्या गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. बाईची तपासणी करताना शब्दांच्या यादीवर न थांबता घड्याळाचे चित्र काढायला लावावे, क्रमाने करायचे एखादे काम सांगावे आणि इन्सुलिन कसे घेता ते प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे. गरोदरपणात साखर वाढली होती का, हे सत्तरीतही विचारावे. बायकांच्या रक्तदाबाकडे आणि कोलेस्टेरॉलकडे साखरेइतकेच लक्ष द्यावे, कारण त्यांच्या बाबतीत घाव आधी रक्तवाहिन्यांवर पडतो. पुरुषांनाही या हिशेबातून वगळून चालणार नाही. त्यांच्याबाबतीत लढाई आधीच्या वयातली आहे. चाळिशी-पन्नाशीत तंबाखू, रक्तदाब, झोपेत श्वास अडखळणे आणि न सांगितलेले नैराश्य यांकडे पाहिले, तर त्यांतले अधिक जण निरोगी मेंदूनिशी सत्तरी गाठतील. आणि मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: ‘बाबांच्या गोळ्या आई बघते, मग आईच्या कोण बघते?’

हा प्रश्न टेक्सासपुरता राहत नाही. भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचे आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने सांगितले. साठी ओलांडलेल्या भारतीयांत सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असल्याचे आणि त्यांत बायकांचे प्रमाण जास्त असल्याचे ‘लासी-डॅड’ या पाहणीत आढळले. या पाहणीत वापरलेला चाचण्यांचा संच अमेरिका आणि मेक्सिको इथल्या वृद्धांच्या पाहण्यांतही वापरला जातो. त्यामुळे आपल्याकडच्या कमी शिकलेल्या, मधुमेही आजीची आणि मेक्सिकन आजीची तुलना करता येईल, अशी सोय प्रथमच झाली आहे. त्या आकड्यांचाही बायका आणि पुरुष असा वेगळा हिशेब मांडला जावा, हे पाहणे आता संशोधकांच्या हाती आहे.

बाकी काम घरचे आहे. घरात गोळ्यांच्या दोन डब्या असतील, तर आठवड्यातून एकदा दोन्ही उघडून पाहाव्यात. त्याची डबी ती भरत असेल, तर तिची डबी मुलीने, सुनेने किंवा मुलाने तपासावी. मंगळवारच्या कप्प्यात सोमवारची गोळी तशीच पडलेली दिसली, तर तिला रागावू नये आणि ‘वयामुळे होते’ असे म्हणून सोडूनही देऊ नये. डॉक्टरांकडच्या पुढच्या भेटीला ती डबी सोबत न्यावी.